‘येस, आय’म’ असे का म्हणता येत नाही? इंग्रजीतील संक्षिप्त रूपांविषयी एक प्रकरण अभ्यास

इंग्रजीत ज्यांना ‘कॉन्ट्रॅक्शन’ म्हणतात, त्या संक्षिप्त रूपांचा पाठ व्याकरणाच्या पुस्तकात बहुधा एका पानात आटोपतो. डाव्या रकान्यात ‘आय ॲम’, उजव्या रकान्यात ‘आय’म’; डावीकडे ‘डू नॉट’, उजवीकडे ‘डोन’ट’; आणि अक्षर गळाले असेल तिथे अपॉस्ट्रॉफी द्यावी, एवढी एक सूचना. हा तक्ता चुकीचा नाही. मात्र त्यातून शिकणाऱ्याच्या मनात जी समजूत पक्की होते ती अपुरी असते, आणि ती किती वेगवेगळ्या ठिकाणी नडते हे पुढील प्रकरणात स्पष्ट दिसले. या लेखात इंग्रजी वाक्ये देवनागरीत दिली असून अपॉस्ट्रॉफी तिच्या मूळ जागीच ठेवली आहे.

परिस्थिती

अध्ययनार्थी एक नोकरदार महिला होत्या. त्यांचे इंग्रजी व्याकरण चांगले होते. काळ, प्रयोग, वाक्यरचना यांत त्यांच्या लेखनात चुका क्वचितच सापडत. परदेशी सहकाऱ्यांबरोबरच्या ऑनलाइन बैठकांचे इतिवृत्त लिहिण्याचे काम त्यांच्याकडे आले आणि तिथे त्यांची अडचण सुरू झाली. एका बैठकीत अमेरिकन सहकाऱ्याने ‘वी कॅन’ट रिलीज इट बिफोर द रिव्ह्यू’ असे सांगितले, म्हणजे तपासणीआधी ते प्रसिद्ध करता येणार नाही असे बजावले. इतिवृत्तात मात्र ‘वी कॅन रिलीज इट’ अशी नोंद झाली. इतिवृत्त सर्वांकडे गेल्यावर चूक लगेच लक्षात आली आणि दुरुस्तही झाली, पण नेमका नकारच आपल्याला ऐकू येत नाही ही गोष्ट त्यांच्या मनाला लागून राहिली. त्याच्या बरोबरीने दुसरीही एक तक्रार होती, जी त्यांना पहिलीशी संबंधित वाटत नव्हती: त्या स्वतः ‘आय कॅन डू इट’ असे म्हणाल्या की समोरचा पुष्कळदा विचारी, ‘करता येईल, की येणार नाही?’

मार्गदर्शनासाठी त्या माझ्याकडे आल्या, तेव्हा उच्चाराचा सराव हवा एवढीच त्यांची अपेक्षा होती. मी प्रथम त्यांच्या ईमेलमधील काही उतारे मागवले, एक लहान संवाद लिहून घेतला आणि साध्या संभाषणातील वाक्ये वाचून दाखवून श्रुतलेखन घेतले. तीनही ठिकाणी मिळालेल्या चुका एकत्र मांडल्यावर प्रश्न केवळ उच्चाराचा नाही, हे उघड झाले.

नमुन्यात काय सापडले

‘आर यू रेडी?’ या प्रश्नाला संवादात त्यांनी ‘येस, आय’म’ असे उत्तर लिहिले होते. एका ईमेलमध्ये ‘आय डोन’ट नो व्हेअर ही’ज’ असे वाक्य होते. ‘शी हॅज अ मीटिंग ॲट फोर’ हे वाक्य आटोपशीर करताना त्यांनी ‘शी’ज अ मीटिंग ॲट फोर’ असे लिहिले होते, ज्याचा अर्थ वाचणारा ‘ती एक बैठक आहे’ असा घेईल. ‘कंपनीने आपले धोरण बदलले’ या अर्थाच्या वाक्यात ‘इट’स पॉलिसी’ असे, अपॉस्ट्रॉफीसकट, लिहिलेले होते. ‘इझन’ट ही कमिंग?’ हे औपचारिक भाषेत लिहा असे सांगितल्यावर त्यांनी ‘इज नॉट ही कमिंग?’ असे लिहिले. ‘मी उशिरा आले नाही ना?’ या अर्थाने ‘ॲमन’ट आय लेट?’ असे एक रूप त्यांनी स्वतः घडवले होते.

श्रुतलेखनातील चुका वेगळ्या दिसत होत्या. ‘शी’ड फिनिश्ड बाय देन’ या वाक्याची फोड त्यांनी ‘शी वुड फिनिश्ड’ अशी केली. ‘आय’ड बेटर गो’ मध्ये त्यांना ‘आय वुड बेटर गो’ दिसले. ‘यू शुड’व्ह टोल्ड मी’ हे वाक्य ऐकून त्यांनी ‘यू शुड टोल्ड मी’ असे लिहिले. मधले सहायक क्रियापद त्यांच्या कानांवरून निसटूनच गेले होते. ज्यांची मातृभाषा इंग्रजी आहे अशा लोकांकडूनही या ठिकाणी चूक होते, पण ती उलट्या बाजूची असते: त्यांना ध्वनी नीट ऐकू येतो, परंतु लिहिताना ते त्या जागी ‘शुड ऑफ’ असे भलतेच लिहितात. एकाच रूपापाशी व्याकरण चांगले असणारा आणि कान चांगला असणारा असे दोघेही अडखळतात, ही गोष्ट मला नेहमी विचार करण्याजोगी वाटते.

या चुका सुट्या सुट्या दुरुस्त करणे सोपे होते. प्रत्येकीसाठी पुस्तकात एक नियम आहे आणि तो पाठ करता येतो. परंतु एवढे व्याकरण जाणणारी व्यक्ती एकाच विषयात इतक्या दिशांनी चुकते, तेव्हा त्यामागे एखादी समान समजूत असण्याची शक्यता अधिक असते. ती शोधण्यासाठी मी त्यांना एकच प्रश्न विचारला: ‘आय ॲम’ आणि ‘आय’म’ यांत फरक काय? त्यांचे उत्तर तत्काळ आले: फरक काहीच नाही, एक पूर्ण रूप आहे आणि दुसरे तेच थोडक्यात लिहिलेले आहे.

मूळ कारण

सगळ्या चुका या उत्तरातून निघत होत्या. संक्षिप्त रूप ही लेखनातली काटछाट आहे, पूर्ण रूपाच्या जागी ते केव्हाही ठेवता येते आणि उलट दिशेनेही केव्हाही पूर्ण करता येते, असे त्यांनी गृहीत धरले होते. वास्तविक इंग्रजीत संक्षिप्त रूप आधी बोलण्यात तयार होते आणि मग लेखनात येते. वाक्यातील ज्या शब्दावर आघात, म्हणजे उच्चारातला जोर, नसतो तो शब्द बोलताना आक्रसतो आणि शेजारच्या शब्दाला चिकटतो. ‘ॲम’, ‘इज’, ‘हॅज’, ‘विल’, ‘वुड’ ही सहायक क्रियापदे सामान्य वाक्यात अशीच निराघात असतात, म्हणून ती आक्रसतात. जिथे त्यांच्यावर आघात येतो तिथे ती आक्रसूच शकत नाहीत. ‘तू तयार नाहीस’ असे कोणी म्हटले आणि आपण ठासून ‘आय ॲम रेडी’ म्हटले, तर त्या ‘ॲम’वर जोर असल्यामुळे तिथे ‘आय’म’ येणे शक्य नसते. अपॉस्ट्रॉफी ही या ध्वनीच्या घडामोडीची कागदावरील खूण आहे, तिचे कारण नव्हे.

हे एकदा ध्यानात आले की ‘येस, आय’म’ का चालत नाही हे वेगळे पाठ करावे लागत नाही. ‘येस, आय ॲम’ या उत्तरात ‘रेडी’ हा शब्द गाळलेला आहे. ज्या शब्दाकडे झुकून ‘ॲम’ निराघात राहिला असता तो शब्दच उरलेला नसल्यामुळे सारा भार ‘ॲम’वर येतो आणि त्याचा उच्चार पूर्ण होतो. ‘आय डोन’ट नो व्हेअर ही इज’ मध्ये तेच घडते: ठिकाण सांगणारा शब्द ‘इज’च्या पुढे असायचा, तो ‘व्हेअर’च्या रूपाने आधीच पुढे निघून गेला आणि ‘इज’च्या पुढची जागा रिकामी झाली.

इथे शालेय पुस्तकांतील एक नियम अपुरा पडतो. ‘वाक्याच्या शेवटी संक्षिप्त रूप वापरू नये’ असे सांगितले जाते. तो नियम अध्ययनार्थींनाही माहीत होता, पण ‘आय नो व्हेअर ही इज टुडे’ या वाक्यात ‘इज’ शेवटी नाही, तरीही ‘व्हेअर ही’ज टुडे’ म्हणता येत नाही. ‘ही इज टॉलर दॅन आय ॲम’ मध्ये ‘आय’म’ येत नाही, आणि त्या वाक्यापुढे आणखी चार शब्द जोडले तरी येत नाही. म्हणजे पाहायचे ते वाक्याचा शेवट कुठे आहे हे नव्हे, तर सहायक क्रियापदाच्या लगेच पुढची जागा रिकामी झाली आहे का, हे. पहिला नियम पाठ असूनही त्या चुकत होत्या, याचे कारण त्या नियमातच होते.

या चुकीला मातृभाषेचाही हातभार होता. मराठीत आपण ‘येतो आहे’ याचे ‘येतोय’ करतो, ‘आला आहे’ याचे ‘आलाय’, ‘कुठे आहे’ याचे ‘कुठेय’. ही रूपे वाक्याच्या शेवटी मुक्तपणे येतात, किंबहुना मराठीत क्रियापद शेवटी असल्यामुळे त्यांची मुख्य जागा तीच आहे. ‘तो कुठेय ते मला ठाऊक नाही’ हे निर्दोष मराठी वाक्य आहे. त्या सवयीच्या कानाला ‘व्हेअर ही’ज’ खटकत नाही, यात नवल नाही. अध्ययनार्थींना मी ही तुलना दाखवली तेव्हा आपली चूक अज्ञानातून नव्हे तर एका भाषेची घडी दुसरीवर बसवल्यामुळे होते आहे हे त्यांना पटले, आणि त्यापुढे ती चूक लेखनात फारशी दिसली नाही.

‘शी’ज अ मीटिंग’ या वाक्याचे कारणही आघातातच आहे. ‘शी हॅज गॉन’ मध्ये ‘हॅज’ सहायक आहे आणि निराघात आहे. ‘शी हॅज अ मीटिंग’ मध्ये तेच मुख्य क्रियापद आहे, वाक्याचा अर्थ त्याच्यावर उभा आहे, म्हणून ते सहसा आक्रसत नाही. ‘आय’व्ह नो आयडिया’ यांसारखे प्रयोग ब्रिटिश इंग्रजीत ऐकू येतात, परंतु शिकणाऱ्याने मुख्य क्रियापद असलेले ‘हॅव’ पूर्णच लिहावे, असे माझे मत आहे, कारण तिथे चूक झाली तर अर्थच बदलतो.

नकाराचे वेगळेपण

या टप्प्यावर अध्ययनार्थींनी स्वतःहून एक शंका काढली, आणि ती या प्रकरणातील सर्वांत चांगली शंका होती. रिकाम्या जागेच्या आधी संक्षिप्त रूप येत नसेल, तर ‘नो, आय कॅन’ट’ आणि ‘नो, ही इझन’ट’ ही उत्तरे कशी चालतात? तीही वाक्याच्या शेवटी आहेत आणि तिथेही पुढचा शब्द गाळलेला आहे.

उत्तर असे, की अपॉस्ट्रॉफी दोन्हीकडे दिसत असली तरी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘आय’म’, ‘ही’ज’, ‘वी’ल’ यांत एक स्वतंत्र शब्द आक्रसून शेजारच्या शब्दाला टेकलेला असतो. ‘कॅन’ट’, ‘इझन’ट’, ‘वोन’ट’ यांतील नकार मात्र सहायक क्रियापदाचा प्रत्ययच झालेला आहे. आर्नोल्ड झ्विकी आणि जेफ्री पुलम या भाषावैज्ञानिकांनी १९८३ साली ‘लँग्वेज’ या नियतकालिकात हा मुद्दा सविस्तर मांडला, आणि त्यांचे पुरावे सामान्य वाचकालाही पडताळून पाहता येतात. हा नकार फक्त सहायक क्रियापदांना लागतो, इतर कशालाही नाही. तो लागताना मूळ शब्दाचा आकार अनपेक्षित रीतीने बदलतो: ‘विल’चे ‘वोन’ट’ होते, ‘डू’चा स्वर ‘डोन’ट’मध्ये बदलतो. काही क्रियापदांना तो लागतच नाही. ‘मे’चे नकारार्थी रूप आज कोणी वापरत नाही, आणि प्रमाण इंग्रजीत ‘ॲम’चेही नाही. अशी बदललेली रूपे आणि अशा गाळलेल्या जागा प्रत्ययांच्या बाबतीत नेहमी आढळतात. जे शब्द नुसते आक्रसून टेकलेले असतात त्यांच्या बाबतीत त्या सहसा आढळत नाहीत.

प्रश्नार्थक वाक्यात हा फरक उघड होतो. ‘इझन’ट ही कमिंग?’ यात क्रियापद कर्त्याच्या आधी गेले तेव्हा नकारही त्याच्याबरोबर गेला, कारण तो त्याचा अवयव आहे. पूर्ण रूपात ‘नॉट’ हा स्वतंत्र शब्द असल्यामुळे तो मागेच राहतो: ‘इज ही नॉट कमिंग?’ अध्ययनार्थींचे ‘इज नॉट ही कमिंग?’ हे तक्त्यातील दोन रकाने जसेच्या तसे बदलल्याचे फळ होते. अशी रचना जुन्या इंग्रजी लेखनात आढळते, आज ती कानाला विचित्र लागते.

‘ॲमन’ट’बद्दल थोडे थांबून सांगितले पाहिजे, कारण ते रूप त्यांनी तर्काने घडवले होते आणि तर्क चुकीचा नव्हता. स्कॉटलंड आणि आयर्लंडमध्ये ते बोलण्यात आजही आहे. प्रमाण इंग्रजीने मात्र ती जागा मोकळी ठेवली आहे. प्रश्नात ‘आरन’ट आय?’ असे म्हणतात आणि विधानात ‘आय’म नॉट’ असे. ‘आय’ बरोबर ‘आर’ कसे, हा प्रश्न शिकणाऱ्याला पडतो तो रास्त आहे, पण इथे रूढीच प्रमाण मानावी लागते.

‘विल’चे ‘विलन’ट’ का होत नाही, हेही त्यांनी विचारले. मध्ययुगीन इंग्रजीत ‘विल’ला ‘वोल’ असे आणखी एक रूप होते. ते स्वतःच्या जागेवरून नाहीसे झाले, पण त्याचे नकारार्थी रूप तेवढे ‘वोन’ट’मध्ये टिकून राहिले. अपॉस्ट्रॉफी कुठे आणि किती द्याव्यात याबद्दलही इंग्रजी लेखकांचे फार काळ एकमत नव्हते. ‘शॅल नॉट’च्या संक्षिप्त रूपात अक्षरे दोन ठिकाणी गळतात म्हणून त्यात पूर्वी दोन अपॉस्ट्रॉफी देत, लुइस कॅरल यांनी १८९३ मध्ये एका पुस्तकाच्या प्रस्तावनेत याच पद्धतीचे समर्थन केले होते. जॉर्ज बर्नार्ड शॉ यांनी उलट ‘डोन’ट’, ‘वोन’ट’ यांतील चिन्ह अनावश्यक ठरवून गाळून टाकले. जोनाथन स्विफ्ट यांना तर ही तोडलेली रूपेच मुळात मान्य नव्हती. १७१० साली ‘टॅटलर’ या इंग्रजी नियतकालिकात त्यांनी या रूपांवर कडक टीका केली होती. आज जी रूपे पुस्तकात निःशंकपणे छापली जातात ती अशा मतभेदांतून स्थिरावलेली आहेत, आणि म्हणूनच त्यांत संपूर्ण तर्कसंगती शोधू नये असे मी अध्ययनार्थींना सांगितले.

एक चिन्ह, दोन कामे

‘इट’स पॉलिसी’ ही चूक वरच्या साऱ्या विवेचनात बसत नाही. तिचे कारण आघात नसून अपॉस्ट्रॉफी इंग्रजीत दोन कामे करते हे आहे: ती संक्षिप्त रूप दाखवते आणि नामाला जोडून मालकीही दाखवते. कंपनीचे धोरण लिहिताना ‘कंपनी’ज पॉलिसी’ असे चिन्हासकट लिहायचे, तर ‘त्याचे’ या अर्थाच्या शब्दालाच चिन्ह का नाही? प्रश्न इतका स्वाभाविक आहे की इंग्रजी भाषकही त्यात पूर्वीपासून अडकत आले आहेत. अठराव्या शतकात मालकीदर्शक शब्दही चिन्हासकट लिहिण्याची पद्धत होती. १७८७ च्या अमेरिकन राज्यघटनेच्या मूळ हस्तलिखितात, पहिल्या अनुच्छेदाच्या दहाव्या कलमात, तो तसाच लिहिलेला आहे. आजचा नियम सर्वनामांच्या रांगेवर उभा आहे: ‘हिज’, ‘हर्स’, ‘अवर्स’, ‘देअर्स’ यांपैकी एकालाही चिन्ह नाही, म्हणून ‘इट्स’लाही नाही. लिहिताना एकच पडताळा पुरतो. त्या जागी ‘इट इज’ किंवा ‘इट हॅज’ ठेवून वाक्य वाचावे. अर्थ लागला तर चिन्ह द्यावे, नाही तर देऊ नये. ‘यू’आर’ आणि ‘युअर’, ‘हू’ज’ आणि ‘हूज’ या जोड्यांनाही हाच पडताळा चालतो.

ऐकताना काय करायचे

बैठकीतील चूक ऐकण्याची होती आणि तिच्यावर सर्वांत जास्त वेळ द्यावा लागला. ‘कॅन’ट’मधील शेवटचा ‘ट’ ऐकून नकार ओळखायचा, अशी अध्ययनार्थींची पद्धत होती. ओघवत्या बोलण्यात, विशेषतः अमेरिकन उच्चारात, तो ‘ट’ पुष्कळदा सुटतच नाही. जीभ त्याच्या जागेवर जाते आणि तिथेच थांबते. त्याच्यापुढे दुसरे व्यंजन आले, जसे ‘रिलीज’मधील ‘र’, की तो जवळजवळ लोपतो. म्हणजे ज्या खुणेवर त्या विसंबून होत्या ती खूण ध्वनीत नव्हतीच.

खरी खूण स्वरात आणि आघातात असते. होकारार्थी वाक्यात ‘कॅन’ निराघात असते आणि त्याचा स्वर आक्रसून ते ‘कन्’सारखे, क्षणभरात उरकलेले, ऐकू येते: ‘वी कन् रिलीज इट’, आणि सारा जोर ‘रिलीज’वर. नकारात त्याच शब्दावर आघात येतो आणि स्वर पूर्ण उच्चारला जातो: अमेरिकनांच्या तोंडी ‘कॅन’, दक्षिण इंग्लंडमधील उच्चारात लांब ‘कान्ट’. म्हणजे ‘कॅ’ स्पष्ट आणि भरदार ऐकू आले तर बहुधा तो नकार असतो. अपवाद असा, की ‘येस, वी कॅन’ सारख्या उत्तरात, वर सांगितलेल्या रिकाम्या जागेमुळे, होकारार्थी ‘कॅन’ही पूर्ण उच्चारले जाते.

यातून त्यांच्या दुसऱ्या तक्रारीचाही उलगडा झाला. त्या स्वतः प्रत्येक ‘कॅन’ पूर्ण स्वराने, जोर देऊन म्हणत. शाळेत तसाच उच्चार शिकवला जातो आणि सुटा शब्द म्हणून तो बरोबरही आहे. पण ‘आय कॅन डू इट’ मधील तो भरदार ‘कॅ’ अमेरिकन श्रोत्याला नकाराची खूण वाटे. त्यांना न ऐकू येणारा नकार आणि त्यांच्या बोलण्यात इतरांना ऐकू येणारा नकार, या दोन्ही अडचणी एकाच ठिकाणाहून आल्या होत्या. आम्ही मुख्य क्रियापदावर टेबलावर हलकी थाप मारून वाक्ये म्हणण्याचा सराव केला. ‘आय कन् डू इट’ मध्ये थाप एकदा, ‘डू’वर, ‘आय कॅन’ट डू इट’ मध्ये दोनदा. बोलण्याची लय बदलताच ऐकण्यातही फरक पडू लागला, आणि माझ्या मते हा क्रम उलटा ठेवला असता तर बराच अधिक वेळ लागला असता.

‘शी’ड’ आणि ‘ही’ज’ यांसारख्या रूपांची फोड करताना मात्र कान पुरत नाही, कारण ‘शी हॅड’ आणि ‘शी वुड’ आक्रसल्यावर एकच होतात. तिथे पुढचा शब्द निर्णय देतो. क्रियापदाचे पहिले रूप आले तर ‘वुड’, तिसरे आले तर ‘हॅड’. म्हणून ‘शी’ड फिनिश’ म्हणजे ‘वुड’ आणि ‘शी’ड फिनिश्ड’ म्हणजे ‘हॅड’. ‘बेटर’ आला तर जवळजवळ नेहमी ‘हॅड’. ‘ही’ज’च्या पुढे ‘वर्किंग’ आले तर ‘इज’, ‘वर्क्ड’ आले तर ‘हॅज’. काही वाक्ये या कसोटीलाही दाद देत नाहीत. ‘कम’चे पहिले आणि तिसरे रूप एकच असल्यामुळे ‘शी’ड कम’ हे वाक्य दोन्ही प्रकारे वाचता येते, आणि ‘इट’स ब्रोकन’ म्हणजे ‘इट इज’ (ते मोडलेले आहे) की ‘इट हॅज’ (ते मोडले आहे) हे ठरवायला आजूबाजूची वाक्येच पाहावी लागतात. अशा ठिकाणी इंग्रजी भाषकही संदर्भावरच विसंबतो, हे कळल्यावर अध्ययनार्थींची धास्ती कमी झाली.

लेखनातील निवड

त्यांच्या ईमेलमध्ये आणखी एक गोष्ट होती, जी चूक म्हणून नोंदवता येत नव्हती पण दुर्लक्ष करण्याजोगीही नव्हती. सहकाऱ्यांना पाठवलेल्या साध्या संदेशांतही त्या ‘डू नॉट सेंड इट टुडे’, ‘आय ॲम नॉट शुअर’ अशी पूर्ण रूपे वापरत. शुद्ध लिहिण्याची काळजी त्यामागे होती. मात्र जिथे वाचणाऱ्याला संक्षिप्त रूप अपेक्षित असते तिथे पूर्ण रूप आले की त्यावर जोर दिल्यासारखे वाचले जाते, आणि ‘डू नॉट सेंड’ ही विनंती न राहता ताकीद होते. शोधनिबंध, करार आणि औपचारिक पत्र यांत पूर्ण रूपेच योग्य. रोजच्या पत्रव्यवहारात संक्षिप्त रूपे सौजन्याचीच असतात. अमेरिकन संघराज्य सरकारच्या सुगम लेखनाच्या सूचना तर जिथे शोभतील तिथे संक्षिप्त रूपे वापरा असेच सांगतात.

नकाराबाबत मात्र मी वेगळा सल्ला दिला, आणि त्याला आधार आहे. ब्रिटिश सरकारच्या गव्ह डॉट यूके या संकेतस्थळाच्या लेखनशैलीत ‘कॅन’ट’, ‘डोन’ट’ यांसारखी नकारार्थी संक्षिप्त रूपे टाळावीत असे म्हटले आहे, कारण पुष्कळ वाचकांना ती वाचायला जड जातात किंवा ते त्यांचा नेमका उलटा अर्थ घेतात. ‘शुड’व्ह’, ‘कुड’व्ह’ ही रूपेही तिथे टाळायला सांगितली आहेत. इतिवृत्तात, मुदतीच्या सूचनेत, परवानगी नाकारताना ‘कॅनॉट’ पूर्ण लिहावे. आणि बैठकीत ऐकलेल्या नकाराबद्दल जराही शंका असेल तर ‘म्हणजे आपल्याला हे करता येणार नाही, बरोबर?’ असे वेगळ्या शब्दांत विचारून घ्यावे. अध्ययनार्थींनी हा प्रघात लगेच सुरू केला. विचारल्याबद्दल कोणी नाराज झाले नाही, उलट दोन इंग्रजी भाषक सहकाऱ्यांतील एक गैरसमज त्यांच्या प्रश्नामुळे तिथल्या तिथे मिटला.

काय साधले, काय राहिले

लेखनातील ‘येस, आय’म’ आणि ‘व्हेअर ही’ज’ या प्रकारच्या चुका थांबल्या, प्रश्नार्थक नकाराची रचना स्थिर झाली आणि होकारार्थी ‘कॅन’चा आक्रसलेला उच्चार त्यांच्या बोलण्यात रुळला, त्यामुळे समोरच्याने पुन्हा विचारण्याचे प्रमाणही घटले. ‘इट’स’ अजून घाईत चुकते. फोनचा शब्दसुधारक कधी कधी स्वतःच चिन्ह घालतो किंवा काढतो, म्हणून संदेश पाठवण्याआधी तेवढा एक शब्द शोधून पडताळण्याची सवय त्यांनी लावून घेतली आहे. ‘शुड’व्ह’ आणि ‘कुड’व्ह’मधील आक्रसलेले ‘हॅव’ त्यांना वेगवान बोलण्यात अजून ऐकू येत नाही, परंतु आता पुढचे क्रियापद तिसऱ्या रूपात दिसले की मध्ये ‘हॅव’ असलेच पाहिजे असा निष्कर्ष त्या काढतात आणि श्रुतलेखनात ते भरून घेतात. ‘आय’ड’व्ह’ किंवा ‘शुडन’ट’व्ह’ अशी दोन-दोन संक्षेप असलेली रूपे आम्ही अद्याप हाती घेतलेली नाहीत. ती जवळजवळ बोलण्यातच आढळतात, आणि साधे ‘शुड’व्ह’ कानाला लागल्यावरच त्यांच्याकडे वळायचे असे ठरले आहे.